जागतिक जाणीव, म्हादईचं पाणी आणि खानापूरची एक बैठक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात आमचं छोटं वाचन मंडळ आहे. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या वर्गात जमायचं, काहीतरी मोठ्याने वाचायचं, त्यावर बोलायचं, एवढंच काम. एका बैठकीत मंडळापुढे एक ठराव आला. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचं पाणी कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवू नये, असा तो ठराव. मसुदा आमच्यातल्याच एका तरुणाने केला होता. बेळगावात शिकताना 'क्लब ऑफ बुडापेस्ट' या आंतरराष्ट्रीय विचारगटाचा 1996 चा जाहीरनामा त्याच्या वाचनात आला होता. त्यातला आशय त्याने ठरावाच्या सुरुवातीला मराठीत उतरवला होता: सगळी मानवजात एक आहे, पृथ्वी एकच आहे, आपलं हित साधताना दुसऱ्याच्या जिवावर ते साधू नये. त्याखाली म्हादई, भीमगडचं जंगल, वाघ आणि गोव्याचा हक्क असे मुद्दे होते.

मसुदा चांगला होता. मलाही आवडला आणि बहुतेकांनी पेन काढलं. मंडळात एक कन्नड भाषक शिक्षिका येतात. त्यांचं माहेर धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंद तालुक्यात. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यात जग आहे, गोवा आहे, वाघ पण आहे. माझं माहेर कुठं आहे?" सही त्यांनी केली नाही.

त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढच्या काही बैठकांत जे घडलं ते मी इथे मांडतो आहे. जागतिक नीतीची आणि जागतिक जाणिवेची भाषा आपल्याकडे पुष्कळदा येते, भाषणात शोभून दिसते आणि विसरली जाते. इथे तिच्यावर भार पडला. काय टिकलं, काय मोडलं, ते जवळून पाहता आलं.

विचारगटाचं म्हणणं

'क्लब ऑफ बुडापेस्ट'ची स्थापना 1993 सालची. संस्थापक अर्विन लास्लो हे मूळचे बुडापेस्टचे, लहानपणापासून पियानो वाजवणारे आणि पुढे प्रणाली-विचाराचे (गोष्टी सुट्या न पाहता त्यांच्या परस्परसंबंधांतून पाहणाऱ्या विचाराचे) तत्त्वज्ञ झालेले. त्याआधी ते 'क्लब ऑफ रोम'च्या कामात होते. तो विचारगट 1968 साली औरेलियो पेच्चेई आणि अलेक्झांडर किंग यांनी सुरू केला आणि 1972 च्या अहवालाने तो जगभर गाजला. लोकसंख्या, उत्पादन, प्रदूषण आणि साधनसंपत्ती यांची वाढ अशीच चालू राहिली तर ही पृथ्वी तिला पुरणार नाही, हे त्या अहवालाने संगणकावर गणित मांडून दाखवलं होतं.

लास्लोंना पुढे असं वाटू लागलं की आकडे समोर ठेवून माणूस बदलत नाही, माणसाच्या जाणिवेलाच हात घालायला हवा. म्हणून त्यांनी आपल्या गटात अर्थतज्ज्ञांच्या बरोबरीने कलावंत, लेखक आणि धर्मगुरू आणले. दलाई लामा, डेस्मंड टुटू, वाक्लाव हावेल, व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन ही मंडळी मानद सदस्य होती. 26 ऑक्टोबर 1996 रोजी बुडापेस्टमध्ये स्वीकारलेल्या जाहीरनाम्यात सर्जनशीलता आणि विविधता, जबाबदारी, आणि पृथ्वीव्यापी जाणीव अशी तीन आवाहनं आहेत. त्याच दशकात याच वळणाचं आणखी काम झालं. हान्स क्युंग यांनी मसुदा केलेली जागतिक नीतीची घोषणा 1993 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत आली. पृथ्वी सनद 2000 साली हेगमध्ये जाहीर झाली.

आमच्या भागाला विश्वाची भाषा परकी नाही. गावोगाव वारकरी सप्ताह होतात. मलप्रभा जिथे कृष्णेला मिळते ते कूडलसंगम बसवण्णांचं ठिकाण. सगळ्यांना आपलं म्हणा, हे इकडेही सांगितलं गेलं आणि तिकडेही. पण ठरावावर बाईंची सही हवी होती, आणि तिथे हे सगळं सांगून भागत नव्हतं.

एका डोंगरातलं पाणी

बाहेरच्या वाचकासाठी भूगोल सांगायला हवा, कारण सगळी गुंतागुंत त्यातच आहे. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला. म्हादई उगम पावते देगावला, भीमगडच्या जंगलात. दोन्ही ठिकाणं खानापूर तालुक्यातच. मलप्रभा पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला रेणुकासागर धरणात अडते आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हादई पश्चिमेला सह्याद्री उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. तिच्या 111 किलोमीटरपैकी 35 किलोमीटर कर्नाटकात आणि 76 गोव्यात. 2,032 चौरस किलोमीटर खोऱ्यातलं 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात आणि 77 महाराष्ट्रात.

म्हादईला मिळणारे कळसा आणि भांडुरा हे नाले पूर्वेला वळवून मलप्रभेत सोडायचे, ही कर्नाटकाची योजना. हुबळी-धारवाडला आणि आसपासच्या तालुक्यांना पिण्याचं पाणी, हा तिचा सांगितलेला हेतू. कळसा कालव्याचं खोदकाम 2006 पासूनचं. कणकुंबीला गेलं की ते दिसतं.

आता यात आमच्यासारख्या खानापूरच्या मराठी माणसाची जागा शोधा. राज्य कर्नाटक. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून मन महाराष्ट्राकडे. सोयरीक आणि नोकरी अर्धी गोव्यात. यात्रेला मात्र सौंदत्तीच्या यल्लम्माला, म्हणजे ज्या धरणात हे पाणी न्यायचं त्याच्याच शेजारी. महाराष्ट्राचा या नदीशी संबंध येतो तो दोडामार्गाकडच्या विर्डीपुरता. पाण्याच्या खटल्यात तीन राज्यं बोलली, पण ज्या डोंगरावर पाऊस पडतो तिथल्या माणसाची बाजू त्यातल्या कुठल्याच राज्याच्या तोंडी आली नाही. आमच्या ठरावामागे हे दुखणंही होतं. कन्नड सरकारची योजना म्हणून तिला विरोध, हा धागा मसुद्यात लिहिलेला नव्हता, पण तो होता. बाईंना तो दिसला, आणि म्हणूनच त्यांनी माहेराबद्दल विचारलं, असं मला वाटतं.

नवलगुंद आणि नरगुंद ही काळ्या मातीची, कोरडी गावं. मलप्रभा धरणाच्या पाणीपट्टीवरून 1980 साली तिथे शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला. जुलै 2016 मध्ये म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने कर्नाटकाची 7.56 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) अंतरिम मागणी फेटाळली तेव्हा हाच भाग पुन्हा पेटला. बाईंच्या घरात या दोन्हीच्या आठवणी आहेत. आमच्या गावात त्यातलं काहीही कुणाला माहीत नव्हतं, आणि नवलगुंद इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

दुसऱ्याची बाजू दुसऱ्याला पटेल अशी

पुढच्या बैठकीत आमच्या गुरुजींनी (निवृत्त मुख्याध्यापक, मंडळ त्यांच्यामुळेच टिकलं आहे) ठराव बाजूला ठेवला आणि एक नियम घातला. आपली बाजू कुणीही मांडायची नाही. दुसऱ्याची मांडायची, आणि तो दुसरा "होय, माझं म्हणणं हेच" असं म्हणेपर्यंत मांडत राहायची. ही युक्ती अनातोल रॅपोपोर्ट या गणितज्ञाची. प्रणाली-विचाराची संघटना 1954 साली ज्यांनी उभी केली त्यांतले ते एक, म्हणजे लास्लोंच्याच परंपरेतले. जाहीरनामा वाचताना त्या तरुणाला हा धागा सापडला होता, त्याने तो गुरुजींना सांगितला. जाहीरनाम्यापेक्षाही हीच गोष्ट आम्हाला जास्त उपयोगी पडली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

नवलगुंदची बाजू त्या तरुणालाच दिली. पहिल्यांदा तो म्हणाला, "त्यांना पाणी हवंय." बाई म्हणाल्या, नाही. मग म्हणाला, "त्यांना पिण्यासाठी पाणी हवंय, पण सरकार ते उसाला देणार." बाई म्हणाल्या, "हे तुझं मत, माझं नव्हे." बरंच खटपट केल्यावर तो जिथे पोचला ते असं: धरण आमच्या जमिनीसाठी म्हणून बांधलं. पट्टी आमच्याकडून मागितली. पाणी शहराकडे वळलं. वर्षानुवर्षं धरण पुरतं भरलं नाही. आता सगळ्यांना पुरेल असं पाणी आणतो म्हटलं, तर आम्हीच नदी लुटणारे ठरलो. बाई म्हणाल्या, "हां. आता बरोबर."

गोव्याची बाजू बाईंनी मांडली. समोर बसले होते गावाचे जावई, सत्तरी तालुक्यातले, त्या दिवशी सासरी आले म्हणून बैठकीला आलेले. बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "पावणं, तुमच्याकडं एवढा पाऊस, मग तुम्हाला कसली भीती?" हा प्रश्न झाला, बाजू नव्हे, असं गुरुजींनी थांबवलं. मग जावयांकडून समजून घेत घेत त्यांनी मांडलं. गोव्याचा पाऊस चार महिने, आणि समुद्र बारा महिने. उन्हाळ्यात नदीचा गोड प्रवाह क्षीण झाला की भरतीचं खारं पाणी मांडवीतून वर सरकतं. तिथल्या खाजण शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, सगळा तोल गोड्या-खाऱ्याच्या त्या सीमेवर आहे. खालच्या माणसाला वरच्याच्या शब्दावर विश्वासून राहावं लागतं, आणि तो शब्द कुणी मोजून दिलेला नाही. "वरच्याच्या शब्दावर" हे बाईंचे शब्द. रेणुकासागरच्या खाली राहणाऱ्यांना ते शिकवावं लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये तेच धरण भरलं, पाणी सोडावं लागलं आणि मलप्रभेकाठची गावं बुडाली.

तिसरी बाजू मांडताना सगळेच अडखळलो. भीमगडच्या जंगलातल्या एका गावाहून एक काका बाजाराला येतात, त्या दिवशी ते थांबले होते. त्यांची बाजू माझ्याकडे आली. मी बोललो ते जंगल राखण्याबद्दल, उगमाच्या पावित्र्याबद्दल, पिढ्यानपिढ्या नदी सांभाळल्याबद्दल. काकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तसं न्हवं ओ. नदी वळवा म्हणून बी आमी म्हणीना, राखा म्हणून बी म्हणीना. आदी पूल द्या."

मग ते बराच वेळ बोलले. पावसात ओढे भरले की गाव तुटतं. आजारी माणूस खांद्यावरून न्यावा लागतो. 2011 साली भीमगड अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटरचं. तेव्हापासून रस्ता म्हटलं की वनखातं, आणि स्थलांतराची बोलणी. त्यांच्या दृष्टीने म्हादई वारसाही नाही आणि टंचाईही नाही. ती जून ते सप्टेंबर त्यांना दवाखान्यापासून तोडते. तीच नदी तीन राज्यं मागतात आणि जगभरचे निसर्गप्रेमी वाचवा म्हणतात, याचं त्यांना नवलही वाटत नव्हतं. आमच्याकडे कुणी विचारायला आलं नाही, एवढंच ते शांतपणे म्हणाले.

बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात या काकांना बसायला जागा कुठे आहे, हे मी घरी येऊन शोधलं. त्यात माणूस व्यक्ती म्हणून येतो, देशाचा नागरिक म्हणून येतो, उद्योगातला म्हणून येतो आणि मानवजातीचा घटक म्हणून येतो. जबाबदाऱ्या अशा नात्यांनी सांगितल्या आहेत. पण ज्याच्या दारात सगळ्यांच्या हिताची गोष्ट उगवते आणि ज्याला त्या हिताचा खर्च भरावा लागतो, त्याचं नातं त्यात वेगळं काढलेलं नाही. जागतिक नीतीच्या सगळ्याच लेखनात ही उणीव मला दिसते. ती 'आपण' म्हणते तेव्हा त्यात उगमाकडचा माणूस धरलेला असतो, पण त्याला विचारलेलं नसतं.

मग आकडे काढले

हे सगळं बोलून झाल्यावर मंडळाने म्हादई जलतंटा लवादाचा निवाडा वाचायला घेतला. लवाद नोव्हेंबर 2010 मध्ये नेमला गेला. निवाडा 14 ऑगस्ट 2018 चा, केंद्राने तो 27 फेब्रुवारी 2020 ला राजपत्रात आणला. त्यावर तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. नदीत दर चार वर्षांतली तीन वर्षं तरी मिळेल असं पाणी लवादाने 188.06 टीएमसी धरलं. वाटप असं: गोवा 24, कर्नाटक 13.42, महाराष्ट्र 1.33.

आमच्यापैकी प्रत्येकाला 13.42 हा आकडा ऐकून माहीत होता आणि एवढं सगळं पाणी मलप्रभेत जाणार अशी समजूत होती. ती खरी नाही. त्यातलं 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे, ते वापरून संपत नाही. मलप्रभेत वळवायचं ते 3.90: कळसातून 1.72 आणि भांडुऱ्यातून 2.18. उरलेलं 1.50 टीएमसी म्हादईच्या खोऱ्यातच, म्हणजे खानापूर तालुक्यातच वापरण्यासाठी आहे. हा शेवटचा आकडा वर्गात वाचला तेव्हा काकांनी तो पुन्हा वाचायला सांगितला. आमच्या खोऱ्याच्या नावाने पाणी लिहिलेलं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. म्हणजे 3.90 टीएमसी काही किरकोळ नाही, शहराला त्याने मोठा आधार होतो. दुसरीकडे रेणुकासागराची क्षमता सुमारे 37 टीएमसी, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हे पाणी. बाई हे गणित मांडून बराच वेळ त्याकडे पाहत होत्या. एवढ्याने नवलगुंदच्या शेताला कालव्याचं पाणी मिळणार नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. पिण्याचं मिळेल, आणि शहराची तहान दुसरीकडून भागली तर धरणातलं थोडं शेताला उरेल. जावयांनाही तसंच झालं. 188 मधून 3.90 गेले तर नदी आटेल हे म्हणणं वर्षाच्या हिशेबात टिकत नाही. त्यांची खरी भीती महिन्यांची आहे, फेब्रुवारी ते मेच्या प्रवाहाची, आणि वर्षाचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. आता ते नेमकं हेच विचारू लागले.

इथे मला विचारगटाबद्दल जे म्हणायचं आहे ते येतं. लास्लो आकड्यांकडून जाणिवेकडे गेले, कारण त्यांच्या जगात आकडे भरपूर होते आणि ऐकणारं मन नव्हतं. खानापुरात उलटं होतं. नदीबद्दल जीव तुटणारी माणसं तिन्हीकडे होती, जाणिवेला तोटा नव्हता, आकडा मात्र कुणी उघडून पाहिला नव्हता. पण हाच निवाडा पहिल्या बैठकीत वाचला असता तर? आम्ही त्यातून आपापल्या बाजूचे आकडे तेवढे उचलले असते. माझी खात्री आहे. बाईंनी सही नाकारली, मग दुसऱ्याची बाजू त्याला पटेपर्यंत मांडावी लागली, आणि त्यानंतर 1.72 आणि 1.50 हे आकडे सगळ्यांना सारखेच दिसले. दुसऱ्याच्या जिवावर आपलं हित साधू नये, हे जाहीरनाम्यातलं वाक्य त्या क्रमात फार मोलाचं ठरलं. ते ठरावाच्या माथ्यावर नुसतं शोभेला होतं तोवर कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. बाईंनी त्यालाच धरून प्रश्न केला आणि मसुदा करणाऱ्याला उत्तर देणं भाग पडलं. आपल्याच शब्दांना बांधून घ्यावं लागणं, ही अशा जाहीरनाम्यांची ताकद आहे, आणि म्हणून ते लिहिले जावेत असं मला मनापासून वाटतं. हावेल आणि टुटू यांच्या सह्यांपेक्षा त्या शिक्षिकेच्या न केलेल्या सहीने त्याचं जास्त काम केलं.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात उघडी पडली, ती भाषेची. निवाडा इंग्रजीत आहे. त्याच्यावरून तिन्हीकडे आंदोलनं झाली, गावंच्या गावं रस्त्यावर आली. पण उगमाकडच्या माणसाला आपल्या वाट्याचा आकडा वाचता यावा अशी सोय नाही. कणकुंबीचा माणूस सरकारी कागद कन्नडमध्ये घेतो, घरी मराठी बोलतो, कामाला गेला की कोकणी. जाहीरनाम्यातलं विविधतेचं आवाहन आम्हाला इथे उपयोगी पडलं. सीमाभागात मराठी पाटी आणि मराठी कागद मागितला की तो हट्ट ठरवला जातो. पाण्याचा आकडा तिन्ही भाषांत द्या, ही मागणी मात्र बाईंनीच मांडली.

काय झालं

ठराव शेवटी झाला नाही. त्याऐवजी मंडळाने प्रश्नांचा एक कागद केला, मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तीन भाषांत. पहिला प्रश्न: कळसा आणि भांडुरा नाल्यांतला उन्हाळ्याचा प्रवाह महिन्यागणिक मोजून लोकांसमोर केव्हा मांडणार? दुसरा: वळवलेलं पाणी पिण्यासाठीच जातं आहे हे नवलगुंदच्या माणसाला स्वतः तपासता येईल अशी काय व्यवस्था? तिसरा: खोऱ्यासाठी ठेवलेल्या 1.50 टीएमसीतून जंगलातल्या गावांना काय मिळणार, आणि त्या गावांना पावसाळ्यात ये-जा करता यावी म्हणून काय करणार? सविस्तर प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये संमती दिली आहे. निवाड्याची अंमलबजावणी पाहायला 'प्रवाह' नावाचं प्राधिकरण नेमायला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2023 मध्ये मान्यता दिली. कागद पाठवायचा कुणाला, हे त्यामुळे ठरवता आलं.

पाणी वळवावं की वळवू नये, यावर मंडळाचं एकमत झालेलं नाही. माझं स्वतःचं मत वळवू नये असंच आहे. जंगल फोडून नेलेलं पाणी परत आणता येत नाही, आणि मलप्रभेच्या खोऱ्यात पिकांची निवड आणि कालव्यांची गळती याबद्दल करण्यासारखं पुष्कळ बाकी आहे. बाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, आमचं पीक बदलायचा सल्ला ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने देऊ नये. यावर माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही, आणि त्यांनी ते मागणं सोडलेलं नाही.

कागदावर बाईंनी सही केली. जावयांनी पहिल्या प्रश्नापुढे स्वतःच्या हाताने "फेब्रुवारी ते मे" असं लिहून सही केली. काकांनी तिसऱ्या प्रश्नातलं "ये-जा" खोडायला लावलं आणि "पूल" लिहायला सांगितलं. तसं लिहिल्यावर त्यांनी अंगठा नको म्हणून पेन मागून घेतलं आणि नाव लिहिलं.